नव्या वस्तूला जुने नाव

एखाद्या इंग्रजी शब्दाला अरबी भाषेत काय म्हणतात, असा प्रश्न कोणी विचारला, की बहुतेकांचा हात शब्दकोशाकडे वळतो. कोश उघडावा, शब्द शोधावा, समोर दिलेला प्रतिशब्द उतरवून घ्यावा, की काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत असते. या समजुतीची परीक्षा घ्यायची असेल, तर ‘टेलिफोन’ हा शब्द फार उपयोगी आहे. तो जगभर समजतो, शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतो आणि त्याच्या अर्थात गूढ असे काहीच नाही. तरीही त्याचे अरबी भाषांतर करू लागले, की एका उत्तराच्या जागी चार-पाच उत्तरे पुढे येतात. त्यांतील एकही चूक नसते आणि एकही सर्व प्रसंगी पुरे पडत नाही. असे का व्हावे, याचा विचार केला तर भाषांतर म्हणजे नेमके काय, याचे पुष्कळसे उत्तर हाती लागते.

प्रथम मूळ शब्दाकडेच पाहावे. ‘टेलिफोन’ हा शब्द इंग्रजी म्हणून ओळखला जात असला, तरी त्याची घडण ग्रीक आहे. ‘टेले’ म्हणजे दूर आणि ‘फोने’ म्हणजे आवाज. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८७६ मध्ये या यंत्राचे एकस्व मिळाले. पण त्यापूर्वीही दूरवर ध्वनी पोहोचवणाऱ्या निरनिराळ्या साधनांसाठी हा शब्द युरोपात वापरला जात होता. म्हणजे नवी वस्तू आली, तेव्हा युरोपातील भाषांनीही एका प्राचीन भाषेच्या कोठारातून दोन दाणे उचलले आणि त्यांचा एक शब्द केला. परक्या वस्तूला नाव देण्याची अडचण केवळ आशियातील भाषांपुढेच उभी राहिली, असे मानण्याचे कारण नाही.

अरबी भाषेने या यंत्रासाठी जो शब्द स्वीकारला, तो आहे ‘हातिफ’. हा शब्द टेलिफोनपेक्षा कितीतरी शतके जुना आहे. ‘हाक मारणारा’ असा त्याचा मूळ अर्थ. पण हा हाक मारणारा साधासुधा नाही. जुन्या अरबी कथांत रात्रीच्या वेळी, निर्जन वाळवंटात प्रवाशाला कोणाचा तरी आवाज ऐकू येतो. आवाज स्पष्ट असतो, शब्द कळतात, पण बोलणारा दिसत नाही. कधी तो सावध करतो, कधी वाट दाखवतो, कधी होणाऱ्या गोष्टीची सूचना देतो. या अदृश्य बोलणाऱ्यालाच ‘हातिफ’ म्हणत. पुढे हा शब्द फारसी आणि उर्दू काव्यातही गेला आणि तेथे दैवी प्रेरणेचा आवाज असा अर्थ त्याला लाभला. टेलिफोनचे यंत्र आल्यावर विद्वानांना या शब्दाची आठवण झाली. आवाज येतो, माणूस दिसत नाही. मग याहून नेमके नाव कोणते असणार?

मराठी वाचकाला या ठिकाणी एक ओळखीचा शब्द आठवल्यावाचून राहणार नाही. देवकीचा आठवा पुत्र तुझा वध करील, असे कंसाला सांगणारी वाणी आकाशातून आली, ही कथा घरोघरी सांगितली जाते. तीच ‘आकाशवाणी’. विसाव्या शतकात नभोवाणीचे यंत्र भारतात आले. १९३० च्या दशकात म्हैसूर येथील एका खासगी केंद्राने ‘आकाशवाणी’ हे नाव घेतले आणि १९५० च्या दशकात देशाच्या नभोवाणीने ते आपले केले. बोलणारा अदृश्य, आवाज मात्र कानाशी. ही एकच कल्पना अरबस्तानात टेलिफोनच्या आणि भारतात रेडिओच्या कामी आली. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरली. जुन्या शब्दाचा अर्थ किंचित ताणून त्यात नवी वस्तू बसवणे, ही ती वाट होय.

अरबी भाषेने ही वाट वारंवार चोखाळली आहे. आगगाडीला अरबीत ‘कितार’ म्हणतात. एकामागून एक चालणाऱ्या, दोरीने एकमेकांना जोडलेल्या उंटांच्या रांगेचे हे जुने नाव. डब्यांमागून डबे जोडलेली गाडी पाहून ज्याला ही रांग आठवली, त्याची दृष्टी कवीची म्हटली पाहिजे. मोटारीला ‘सय्यारा’ म्हणतात; कुराणातील यूसुफच्या कथेत, विहिरीत टाकलेल्या मुलाला बाहेर काढणाऱ्या प्रवासी तांड्यासाठी हाच शब्द आला आहे. रणगाड्याला ‘दब्बाबा’ म्हणतात. किल्ल्याच्या तटापर्यंत सैनिकांना आडोशाने नेणारे, सरपटत पुढे सरकणारे जे यंत्र मध्ययुगात वापरीत, त्याचे हे नाव. वृत्तपत्राला ‘जरीदा’ म्हणतात. पाने काढून टाकलेली खजुरीची फांदी असा त्याचा एक जुना अर्थ आहे. उंट, तांडा, तट, खजूर! जुन्या अरबी जीवनातील या गोष्टींनी आधुनिक यंत्रयुगाला नावे पुरवली.

याच्या जोडीला अरबी भाषेजवळ आणखी एक मोठे सामर्थ्य आहे. तिचे बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूंपासून बनतात आणि ठरावीक साच्यांत घातले, की त्यांतून निरनिराळे अर्थ निघतात. ‘क-त-ब’ या धातूत लिहिण्याची कल्पना आहे. त्यापासून ‘किताब’ म्हणजे पुस्तक, ‘कातिब’ म्हणजे लिहिणारा, ‘मकतूब’ म्हणजे लिहिलेले, ‘मकतब’ म्हणजे लिहिण्याची जागा, कचेरी. एक साचा विशेषतः यंत्रांच्या नावांसाठी रूढ झाला. धुणे या धातूपासून धुलाईयंत्राला ‘गस्साला’, बर्फ या शब्दापासून शीतकपाटाला ‘थल्लाजा’. ज्याने हा शब्द पूर्वी कधी ऐकला नसेल, त्यालाही त्याचा अर्थ बराचसा अंदाजाने कळतो. कारण धातू ओळखीचा आणि साचाही ओळखीचा. नव्या शब्दाने वाचकाच्या मनात असा दिवा लावला, तर तो पाठ करावा लागत नाही.

संगणकाचे उदाहरण मराठी भाषकाला अधिक जवळचे वाटेल. अरबीत संगणकाला ‘हासूब’ असा शब्द घडवला गेला. त्याचा धातू आहे ‘ह-स-ब’, मोजणे. मराठीतील ‘हिशेब’ हा शब्द याच धातूच्या ‘हिसाब’ या अरबी रूपापासून, फारसीच्या वाटेने आलेला आहे. मराठीने गणना, गणित, गणक यांच्या कुळातून ‘संगणक’ हा शब्द घेतला. अरबीने हिशेबाच्या कुळातून ‘हासूब’ घेतला. दोन्ही भाषांनी यंत्राचे परदेशी नाव बाजूला ठेवून त्याच्या कामाकडे पाहिले. वाण्याच्या वहीतील हिशेब आणि अरबी संगणक हे एकाच घरातील भाऊबंद आहेत, हे कळले म्हणजे परकी वाटणारी भाषा एकदम शेजारची वाटू लागते.

येथपर्यंत ही कथा अरबी भाषेच्या विजयाची वाटते. परंतु कैरोच्या किंवा बगदादच्या घरांतील बोलणे ऐकले, तर चित्र बदलते. तेथे सामान्य माणूस बोलताना ‘हातिफ’ क्वचितच म्हणतो. तो ‘तिलिफून’ म्हणतो, किंवा आपल्या प्रांताच्या उच्चाराप्रमाणे त्याच्याशी मिळतेजुळते काहीतरी. ‘हातिफ’ कागदावर आहे, पत्राच्या माथ्यावर आहे, पाठ्यपुस्तकात, वृत्तपत्रात आणि दुकानाच्या पाटीवर आहे. जिभेवर मात्र ‘तिलिफून’ आहे. एवढेच नव्हे, तर अरबी भाषेने या परक्या शब्दाला आपल्या व्याकरणात बसवून त्याचे क्रियापदही केले. ‘त-ल-फ-न’ अशी चार व्यंजने घेऊन ‘तल्फना’, म्हणजे ‘त्याने फोन केला’, असे रूप तयार झाले. हा शब्द पाहुणा म्हणून आला आणि घरच्या माणसांप्रमाणे कामाला लागला. मराठीतही ‘फोन’ पुल्लिंगी झाला, त्याला ‘फोनवर’, ‘फोनने’ असे प्रत्यय लागले आणि त्याच्या परकेपणाची जाणीव उरली नाही.

परका शब्द असा पचवणे ही अरबीची जुनीच रीत आहे. ‘दिनार’ हा शब्द लॅटिनमधून आणि ‘दिरहम’ हा ग्रीकमधून अरबीत आला, आणि दोन्ही नाणी कुराणात उल्लेखिली गेली. बाराव्या शतकात अल-जवालीकी या बगदादच्या विद्वानाने अरबीत आलेल्या परक्या शब्दांचा एक स्वतंत्र कोशच रचला. नवव्या शतकात हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ग्रीक वैद्यक व शास्त्र अरबीत आणले. त्या युगातील भाषांतरकार दोन्ही उपाय योजीत: जेथे आपला शब्द सापडला तेथे तो वापरला, जेथे सापडला नाही तेथे ग्रीक शब्द अरबी उच्चाराने ठेवला. ‘फल्सफा’ म्हणजे तत्त्वज्ञान, हा त्याच काळातील ग्रीक पाहुणा.

नुसता ध्वनी उचलण्यात एक धोका मात्र असतो, आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण भारताशी संबंधित आहे. संस्कृत ज्योतिषगणितात वर्तुळाच्या कंसाशी निगडित रेषेला ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ म्हणत. धनुष्याची दोरी असा त्याचा अर्थ. हा शब्द अरबीत ध्वनीने उचलला गेला आणि ‘जीबा’ झाला. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. अरबीत या परक्या शब्दाला काहीच अर्थ नव्हता. त्यामुळे पुढच्या वाचकांनी ती अक्षरे ‘जैब’ अशी वाचली. ‘जैब’ म्हणजे वस्त्राची छातीवरील घडी; हिंदीतील ‘जेब’ तोच. लॅटिन भाषांतरकारांनी त्याचा शब्दशः अर्थ घेऊन ‘सायनस’ असे केले आणि त्यातून आज शाळेत शिकवला जाणारा ‘साइन’ आला. धनुष्याची दोरी वाटेत हरवली आणि वस्त्राची घडी उरली. गणिताचे काही बिघडले नाही. पण विद्यार्थ्याच्या मनात उमटणारे चित्र कायमचे पुसले गेले.

अर्थ हरवू नये, ही चिंता आधुनिक काळात अरब विद्वानांना अधिक तीव्रतेने जाणवली. एकोणिसाव्या शतकात युरोपातील विज्ञान आणि यंत्रे इजिप्तमध्ये वेगाने येऊ लागली. १८२७ मध्ये कैरोजवळ वैद्यकीय विद्यालय सुरू झाले, तेव्हा फ्रेंच अध्यापकांची व्याख्याने अरबीत भाषांतरित करून विद्यार्थ्यांना दिली जात. १८३५ मध्ये भाषांतरकार घडवणारे विद्यालय स्थापन झाले. रिफाआ अल-तहतावी हे त्याचे प्रमुख होते. पुढे ब्रिटिशांचा अंमल आला आणि वैद्यकीय विद्यालयाचे माध्यम इंग्रजी झाले. विसाव्या शतकात प्रथम दमास्कस येथे आणि १९३२ च्या राजाज्ञेने कैरो येथे अरबी भाषेच्या अकादमी स्थापन झाल्या. ताहा हुसेन यांच्यासारखा थोर साहित्यिक कैरोच्या अकादमीचा अध्यक्ष होता. भाषेची शुद्धता राखणे आणि तिला नव्या शास्त्रांच्या गरजा भागवण्यास समर्थ करणे, अशी दुहेरी जबाबदारी या संस्थांनी स्वीकारली. आवश्यक तेथे परका शब्द अरबी वळणाने घेण्यास कैरोच्या अकादमीने मुभा दिली, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. तिचे सदस्य हटवादी होते, असे म्हणता येणार नाही.

असे असूनही लोकांनी अकादमीची थट्टा केलीच. सँडविचसाठी अकादमीने ‘कापणारा आणि कापलेला आणि त्या दोघांमधील ताजे’ अशा अर्थाचा लांबलचक शब्दसमूह मंजूर केला, असा विनोद अरब देशांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. अकादमीने तसे काही केलेले नव्हते. पण विनोदाला पुराव्याची गरज नसते. मराठीतही ‘नेकटाय’साठी ‘कंठलंगोट’ हा शब्द सांगून हसण्याची प्रथा आहे, आणि तोही कोणा कोशकाराने गंभीरपणे सुचवला असेल असे वाटत नाही. या हसण्यात थोडे तथ्य आहे: शब्द जड झाला, की जीभ त्याला नाकारते. पण त्यात थोडा अन्यायही आहे. कोशकाराने घडवलेले जे शब्द रुळतात, ते घडवलेले होते हेच लोक विसरतात. जे रुळत नाहीत, तेवढेच थट्टेसाठी लक्षात राहतात.

टेलिफोन खिशात मावू लागला, तेव्हा या कथेचा पुढचा अध्याय सुरू झाला. या वेळी निर्णय कोणत्याही अकादमीने दिला नाही. निरनिराळ्या देशांनी आपापली नावे वापरात आणली. सौदी अरेबियात मोबाइलला ‘जव्वाल’ म्हणू लागले. ‘सतत फिरणारा’ असा त्याचा अर्थ. मराठीतील ‘भ्रमणध्वनी’ची कल्पनाही हीच. इजिप्तमध्ये लेखनात ‘महमूल’, म्हणजे वाहून नेलेला, हा शब्द रूढ झाला; बोलताना मात्र तेथेही ‘मोबाइल’च ऐकू येतो. आखातातील काही भागांत ‘नक्काल’, म्हणजे इकडून तिकडे जाणारा. जॉर्डन, लेबनॉन या बाजूला ‘खलवी’; ‘खलिया’ म्हणजे मधमाश्यांचे पोळे, आणि त्यावरून कोशिका. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया या देशांत फ्रेंचांच्या राजवटीमुळे ‘पोर्ताब्ल’ हा फ्रेंच शब्द बोलण्यात राहिला. एक वस्तू, एक भाषा आणि पाच नावे!

यांतील दोन नावांत मराठी माणसाचे जुने परिचित दडलेले आहेत. ‘महमूल’चा धातू ‘ह-म-ल’, ओझे वाहणे. मराठीतील ‘हमाल’ याच धातूचा. ‘नक्काल’चा धातू ‘न-क-ल’, एका जागेवरून दुसरीकडे नेणे. मजकूर एका कागदावरून दुसऱ्या कागदावर नेणे म्हणजे ‘नक्कल’. कोकणातील रत्नागिरी, रायगड जिल्ह्यांतून कित्येक घरांतील माणसे नोकरीसाठी आखाती देशांत जातात. तेथील पाटीवरचा अरबी शब्द अनोळखी वाटला, तरी त्याच्या मुळाशी असलेला शब्द त्यांच्या आजोबांच्या बोलण्यात होता. पुस्तकातून ‘हातिफ’ एवढेच शिकून गेलेल्या माणसाला मात्र बाजारात ‘जव्वाल’ ऐकून गोंधळल्यासारखे होईल. कोशाने त्याला फसवले नाही. कोशाने त्याला केवळ एक दार दाखवले, आणि घराला दारे अनेक होती.

म्हणूनच ‘या इंग्रजी शब्दाला अरबीत काय म्हणतात?’ या प्रश्नाआधी आणखी काही प्रश्न विचारावे लागतात. कोणासाठी? कोणत्या देशात? लिहिण्यासाठी की बोलण्यासाठी? न्यायालयाच्या कागदासाठी, की आईला लिहायच्या पत्रासाठी? अरब लीगमध्ये २२ सदस्य आहेत. लिखित अरबी त्या सर्वांना जोडते. बोलीभाषा मात्र देशोदेशी, गावोगावी निराळ्या आहेत. चांगला भाषांतरकार कोशातील प्रतिशब्द घेण्यापूर्वी वाचकाचा चेहरा डोळ्यांसमोर आणतो. शब्दाचे भाषांतर वस्तूकडे पाहून सुरू होते आणि माणसाकडे पाहून पूर्ण होते.

येथे दोन टोकांची मते नेहमी मांडली जातात. एक पक्ष म्हणतो की परका शब्द म्हणजे भाषेवरील आक्रमण. त्याला हद्दपार केलेच पाहिजे. या पक्षाने इतिहास जरा शांतपणे पाहावा. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला आणि फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यामागे स्वराज्याचा कारभार स्वतःच्या भाषेत चालावा, ही उदात्त दृष्टी होती. त्यातील सचिव, मंत्री, अमात्य यांसारखी पदनामे तेजस्वी ठरली. सचिव आणि मंत्री तर आजच्या शासनातही नांदत आहेत. पण ‘पेशवा’ या फारसी शब्दाच्या जागी ‘मुख्य प्रधान’ हे नाव दिले गेले असूनही पुढे ‘पेशवे’ हाच शब्द लोकांच्या तोंडी राहिला आणि मराठ्यांच्या इतिहासाचे एक संपूर्ण पर्व त्या नावाने ओळखले जाते. आज ‘पेशवे’, ‘वकील’, ‘अर्ज’, ‘तारीख’ हे शब्द काढून टाकले, तर मराठी अधिक मराठी होणार नाही. ती फक्त मुकी होईल.

दुसरा पक्ष म्हणतो की जगाने ‘टेलिफोन’ स्वीकारला आहे, मग वेगळा शब्द घडवण्याचा खटाटोप कशाला? इंग्रजी शब्द जसाच्या तसा घ्यावा, वेळ आणि श्रम वाचतील. एखाद-दुसऱ्या वस्तूपुरते हे म्हणणे मान्य करता येईल. फोनला फोन म्हटल्याने कोणाचे काही अडत नाही. परंतु हेच धोरण सर्व ज्ञानाला लावले, तर त्याची किंमत फार मोठी आहे. दमास्कसमध्ये १९१९ पासून वैद्यक अरबी माध्यमातून शिकवले जाते. अन्य बहुतेक अरब देशांत ते इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये शिकवले जाते. रुग्ण आपले दुखणे अरबीत सांगतो, आणि ज्या डॉक्टरने रोगाची कारणे, लक्षणे व उपचार परक्या भाषेत शिकून घेतले, त्याला ते रुग्णाच्या भाषेत समजावून सांगताना शब्द शोधावे लागतात. तेथे शब्दाचा अभाव हा केवळ विद्वानांचा प्रश्न राहत नाही. औषध कधी घ्यावे, शस्त्रक्रिया कशासाठी, धोका किती, हे कळण्याचा रुग्णाचा हक्क त्या एका शब्दावर अवलंबून असतो.

भारतातील परिस्थिती याहून फारशी निराळी नाही. न्यायालयाचा निकाल, विम्याचा कागद, खताच्या पिशवीवरील सूचना, रुग्णालयातील संमतिपत्र हे ज्याच्या भाषेत नाही, तो माणूस साक्षर असूनही निरक्षरासारखा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. म्हणून ‘दूरध्वनी’, ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ असे शब्द घडवणाऱ्या विनायक दामोदर सावरकरांसारख्यांचे आणि पुढे पारिभाषिक कोश सिद्ध करणाऱ्या भाषा संचालनालयासारख्या संस्थांचे श्रम वाया गेले, असे म्हणता येत नाही. ‘दूरध्वनी’ बोलण्यात मागे पडला, ‘हातिफ’सारखाच कागदावर राहिला, पण ‘महापौर’ आणि ‘दिग्दर्शक’ यांनी जनतेची मने जिंकली. दहा शब्द घडवले तर त्यांतील काही रुळतात. एकही घडवला नाही, तर एकही रुळणार नाही, आणि काही पिढ्यांनी शब्द घडवण्याची कलाच भाषा विसरून जाईल. भाषेचे खरे नुकसान परका शब्द आल्याने होत नाही. स्वतःचा शब्द घडवण्याची शक्ती गेल्याने होते.

मग कोणता शब्द घडवावा आणि कोणता उसना घ्यावा? यासाठी एक साधी कसोटी पुरेशी आहे. तो शब्द शिकणाऱ्यासाठी दार उघडतो की बंद करतो, हे पाहावे. ‘गस्साला’ म्हटल्याबरोबर अरब मुलाला धुणे आठवते. ‘संगणक’ म्हटल्यावर मराठी मुलाला गणित आठवते. येथे घडवलेला शब्द दार उघडतो. पण एखादा प्रतिशब्द मूळ इंग्रजी शब्दापेक्षाही अवघड असेल, तो समजण्यासाठी आणखी एक कोश पाहावा लागत असेल, तर त्याने एका कुलपाच्या जागी दुसरे कुलूप लावले, एवढेच म्हणता येईल. वस्तूंची नावे बाजाराने ठरवली तरी बिघडत नाही. ज्ञानाच्या मूळ कल्पना मात्र शक्यतो अशा शब्दांत असाव्यात, ज्यांचे मूळ शिकणाऱ्याच्या रोजच्या बोलण्यात आहे.

महाराष्ट्राबाहेर, इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणी राहून मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा विचार विशेष उपयोगी आहे. त्याच्या घरी एक भाषा, रस्त्यावर दुसरी आणि कामाच्या ठिकाणी तिसरी असते. आपण बोलतो तो शब्द शुद्ध की अशुद्ध, या शंकेने तो अनेकदा संकोचतो. अरबी भाषेचा अनुभव त्याला धीर देणारा आहे. कागदावर ‘हातिफ’ आणि ओठावर ‘तिलिफून’ ठेवून ती भाषा शतकभर सुखाने नांदली आहे. दोन्ही शब्द माहीत असणे आणि कोणता कोठे वापरावा हे कळणे, यालाच भाषेवरील प्रभुत्व म्हणतात.

आता फोन बुद्धिमान झाला आहे, आणि अरबी भाषेने त्यालाही ‘हातिफ’च म्हटले: ‘अल-हातिफ अल-जकी’, बुद्धिमान हातिफ. वाळवंटात रात्रीच्या वेळी प्रवाशाला वाट दाखवणारा तो अदृश्य आवाज आज खऱ्या अर्थाने वाट दाखवतो. अनोळखी शहरात डावीकडे वळा, उजवीकडे वळा, असे सांगतो. ज्यांनी हा शब्द यंत्रासाठी सुचवला, त्यांना या दिवसाची कल्पना असणे शक्य नव्हते. तरीही शब्द तयार होता. पूर्वजांनी जपून ठेवलेली भाषा अशीच असते. तिच्या कोठारात नव्या पाहुण्यासाठीही दाणे शिल्लक असतात. मात्र कोठाराचे दार अधूनमधून उघडून पाहण्याची सवय तिच्या लेकरांनी सोडता कामा नये.